कोळ्यानं सांगितलेली गोष्ट

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, माझ्या स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात, मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला ओळखत नाही असं म्हणाले. म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. खुर्चीत पाळकीणबाई, म्हणजे वर्षभरापूर्वी आमच्या चर्चला आलेल्या धर्मगुरूंच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांच्या नाकावर मी नंबर तपासायची जड गोल फ्रेम चढवली होती, उजव्या डोळ्यापुढं एक काच धरली होती आणि "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" असं विचारलं होतं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात ताई उभी होती. एक हात भिंतीला, दुसऱ्या मुठीत रुमालात गुंडाळलेलं काहीतरी, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि दुसरा अजून बाहेर. मान पुढं काढून ती आत बघत होती, पण नेमकं माझ्याकडं नाही. माझ्या डावीकडं दोन हातांवर, जिथं नुसतं कपाट होतं तिथं. तिचा कोट एका बटणानं चुकीचा लागला होता. मला वाटलं, आज इथंवर आली. पाळकीणबाईंनी फ्रेमसकट मान वळवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?" "नाही," मी म्हणाले. आणि मग कुणी न विचारताच पुढं म्हणाले, "येतात अशा कधीकधी." ताईनं तोंड उघडलं होतं. लहानपणापासून ती मला बारके म्हणते. त्यातलं 'बा' बाहेर पडलं होतं, तिथंच तिनं ते थांबवलं. आवाज सरळ करून, शाळेत वर्गावर बोलायची तसा, ती म्हणाली, "माफ करा हं. मला वाटलं इथं घड्याळं दुरुस्त होतात." "दोन दुकानं पुढं," मी म्हणाले. दार तिनं इतकं जपून ओढून घेतलं की घंटा एकदाच वाजली.

मी काच बदलली. "आता?" "आता जरा काळं दिसतंय," पाळकीणबाई म्हणाल्या. आम्ही तपासणी पुरी केली, त्यांनी तपकिरी फ्रेम निवडली, पुढच्या आठवड्यात चष्मा मिळेल असं मी सांगितलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "बिचाऱ्या." आणि मी मान डोलावली. माझा हात जराही थरथरला नाही. भिंगाच्या पेटीतल्या दोनशेच्या वर काचा, सगळ्यांच्या कडांवर बारीक आकडे, आणि त्यांतली एकही मी चुकीच्या खाचेत परत ठेवली नाही. दुपारी जेवले. संध्याकाळी एका आजोबांच्या चष्म्याची काडी गरम करून, वाकवून बसवून दिली आणि त्यांच्याशी थट्टाही केली. मला अपराधी वाटलं असतं तर मी समजू शकले असते. मला छान वाटत होतं, आणि तेच मला टोचत होतं, चपलेत खडा असावा तसं. थांबून काढावा एवढा मोठा नाही आणि चालताना विसरावा एवढा लहानही नाही.

मी जुन्या गोष्टी शिकवते हे सांगायला हवं. दर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. एकोणीस वर्षं तो मी घेते आहे. अकरा खुर्च्या, एक फळा, आणि त्या पुरातन गोष्टी, राजांच्या, संदेष्ट्यांच्या, शिष्यांच्या. लोक म्हणतात की चष्मेबाई चांगलं शिकवतात, आणि ते खरं आहे. खोटा विनय मला जमत नाही. माझी पद्धत माझ्या धंद्यातून आली. माणूस समोर बसला की आधी त्याचा दोष शोधायचा, मग त्याचा नंबर ठरवायचा. गच्चीवरून दुसऱ्याच्या बायकोला पाहणारा राजा: हाव. देवानं सांगितलेलं शहर सोडून उलट दिशेचं जहाज पकडणारा संदेष्टा: हट्ट. गुरूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य: अविश्वास. आणि गुरूला पकडून नेल्यावर परक्या अंगणात शेकोटीपाशी बसून, एका मोलकरणीनं विचारलं म्हणून 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा सांगणारा तो कोळी: भित्रेपणा. फळ्यावर मी डावीकडं माणूस लिहायची, उजवीकडं दोष, आणि खाली त्यावरची काच. कोळ्याच्या वेळेला मी जरा जास्तच रंगायची. एका मोलकरणीला भ्यायला, म्हणायची, शिपायाला नाही, सरदाराला नाही. वर्ग हसायचा.

आणि या गोष्टी मला सांगितल्या कुणी, तर ताईनं. आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो. ती सात वर्षांनी मोठी. आई कापडाच्या गिरणीत पाळीला जायची, वडील जहाजाच्या गोदीत. झोपवायचं काम ताईकडं. ती भिंतीकडं पाठ करून, एका कोपरावर डोकं टेकून, सगळ्यांचे आवाज काढून सांगायची. तिचा कोळी फार बोलका होता, घोगरा, प्रत्येक गोष्टीत पुढं पुढं करणारा, 'मी आहे ना, मी आहे ना' म्हणणारा. पाण्यावरून चालायला निघायचा आणि बुडायला लागायचा, तेव्हा ताई पलंगावरून हात खाली सोडून गटांगळ्या खायची आणि मी तिला ओढून वर काढायची. अंगणातला प्रसंग मात्र ती आवाज न काढता सांगायची, सरळ, लवकर. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, एवढं म्हणून माझ्यावर पांघरूण घालायची. पुढं ती शाळेत गणित शिकवायला लागली. वीस वर्षं उत्तम शिकवलं. मग दारू आली. का आली ते मला विचारू नका. लोकांना कारण हवं असतं, कारण मिळालं की त्यांना वाटतं आपल्याकडं ते नाही, म्हणजे आपण वाचलो. मी अकरा वर्षं तिच्यामागं धावले, दवाखाने केले, बाटल्या मोरीत ओतल्या, शपथा घेतल्या आणि घ्यायला लावल्या. शेवटचं म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी मावसभावाच्या लग्नात ती फुलांनी सजवलेल्या टेबलावर कोसळली, आणि तिला उचलताना मी ठरवलं की पुरे. माझ्या नव्या ओळखीच्या माणसांना मी तेव्हापासून सांगत आले की मी एकुलती. बघा, म्हणजे मंगळवारी मी पहिल्यांदाच नाही म्हणाले असं काही नव्हतं. फक्त आजवर ती समोर उभी नसायची.

बुधवारी दुपारी मी पाळकीणबाईंच्या काचा घासायला घेतल्या. हे काम मला आवडतं. यंत्राच्या चाकावर पाण्याची धार पडत असते, काच बोटांत धरून हळूहळू फिरवायची, कडेचा पांढरा चुरा पाण्याबरोबर वाहून जातो आणि फ्रेमच्या खाचेत बरोबर बसेल असा आकार तयार होतो. हात कामात असले की माझं डोकं मोकळं सुटतं. मला तो जहाजातला संदेष्टा आठवत होता. देवापासून पळाला ते मला नेहमी पटायचं, माणसं पळतातच. पण तो जहाजाच्या तळाशी गेला आणि गाढ झोपला, वर वादळ चाललेलं असताना. त्याला झोप कशी लागली हे वर्गात कुणी विचारलं की मी म्हणायची, दमला असेल. आता माझे न थरथरणारे हात बघताना मला कळलं की दमला वगैरे नव्हता. नाही म्हणून झालं की झोप लागते. मग, चाकाच्या त्या एकसुरी आवाजात, ताई माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा दारात येऊन उभी राहिली, आणि या वेळी मी तिच्याकडं धंद्याच्या नजरेनं बघितलं. भिंतीला हात. उंबऱ्यापुढं थांबून, पायानं चाचपून, मग टाकलेलं पाऊल. प्यालेला माणूस पायरी चाचपत नाही. त्याला ती आहे असं वाटतं किंवा नाही असं वाटतं, पण खात्री असते. भलत्या दिशेला बघणारे डोळे, आकसलेल्या पापण्या. चुकलेलं बटण. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर, ताजे, फ्रेमच्या पट्ट्यांचे वळ. मुठीत रुमाल, रुमालात काहीतरी बोटभर लांब. माझ्या दुकानात महिन्याला दहा माणसं अशीच येतात. त्यांचा चष्मा फुटलेला असतो. माझ्या डोळ्यांनी हे सगळं मंगळवारीच टिपलं होतं, वळसुद्धा. मीच बघितलं नव्हतं. चोवीस वर्षं नजरा तपासणारी बाई, आणि स्वतःच्या बहिणीचं आंधळेपण तिला झिंग वाटली. काचेची कड टचकन उडाली. पाळकीणबाईंची डावी काच मला पुन्हा नव्यानं घासावी लागली.

माझा नवरा स्वभावानं शांत आहे. संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. "जाऊन ये," तो म्हणाला. "काय सांगू तिला जाऊन?" "चष्मा फुटलाय ना तिचा? मग चष्मेवाली काय सांगते?" मला राग आला, कारण त्यानं एका वाक्यात काम संपवलं आणि मला तर अजून बराच वेळ वाईट वाटून घ्यायचं होतं.

गुरुवारी दुकानाला कुलूप लावून, भिंगांची पेटी आणि गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता काखेत मारून मी निघाले. ताईची खोली तीन रस्ते सोडून होती. तिथं शेजारीण म्हणाली की त्या कामावर गेल्यात, कोपऱ्यावर टेलरमास्तरांकडं. मला तिला काम आहे हेच माहीत नव्हतं. कपडे दुरुस्त करायचं ते दुकान होतं. उसवलेले खिसे, लांड्या करायच्या विजारी, चिठ्ठ्या टोचलेले कोट. मास्तर म्हणजे गळ्यात टेप घातलेला, कानावर खडू ठेवलेला, बारीक चणीचा माणूस. मी कोण हे त्यानं विचारलं आणि मी म्हणाले, "बहीण." हा शब्द तोंडातून बाहेर पडताना अडखळेल असं मला वाटलं होतं, अडखळला नाही. "आत आहेत," तो म्हणाला. "चष्मा पडला, बसखाली गेला. सुई ओवता येत नाही म्हणून उसवायला दिलंय. बोटांनी करतायत. माझ्यापेक्षा साफ करतायत."

मागच्या खोलीत, माप बघायच्या उंच आरशासमोर, ताई स्टुलावर बसून एका कोटाचं अस्तर सोडवत होती. डोळे मिटलेले. बोटं शिवणीवरून चालत होती, थांबत होती, पातं घालून टाका कापत होती. केस पांढरे झाले होते आणि नीट विंचरलेले होते. "कोण?" तिनं विचारलं. "मी." पातं थांबलं नाही. "बस. तिथं खोका आहे, त्यावर बस. सांभाळ, टाचण्या असतील." मी बसले. घरून निघताना वाक्यं तयार केली होती, ती सगळी रस्त्यात सांडली असावीत. "मंगळवारी तू आलीस तेव्हा," मी सुरुवात केली. "तेव्हा तू कामात होतीस," ती म्हणाली. "मी तुला ओळखत नाही असं म्हटलं." "ऐकलं की. डोळे गेलेत माझे, कान जागेवर आहेत." मला हसू आलं. "मला वाटलं तू..." "प्यायलेय. हो. वर्षापूर्वी आले असते तर तुझा अंदाज बरोबर निघाला असता." "किती दिवस झाले?" "आजचा दोनशे छत्तिसावा." गणिताच्या बाईनं उत्तर सांगावं तसं तिनं ते सांगितलं, ना अभिमान, ना लाज. "मला का नाही कळवलंस?" "शंभराव्या दिवशी कळवणार होते. मग वाटलं, तुला आधी तीनदा कळवून झालंय, तिन्ही वेळा खोटं ठरलं. या वेळी जरा पिकू दे." ती पुन्हा शिवणीला लागली. मी म्हणाले, "घड्याळांचं का म्हणालीस मग? सरळ नाव घ्यायचंस माझं. माझी चांगली जिरली असती." आता तिनं हात थांबवले आणि डोळे उघडून माझ्या दिशेला, जवळजवळ बरोबर, बघितलं. "तुझा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज तेवढा ऐकू आला. लहानपणी काळोखात हाक मारायचीस ना, तसा होता. घाबरलेला. मग म्हटलं, जाऊ दे, आधी हिला घरी पोचवू."

खुर्चीतल्या बाईसमोर मी कशाला भ्यायले होते, हे मला त्या खोक्यावर बसून, कोटांच्या वासात, पहिल्यांदा नीट दिसलं. पाळकीणबाई भल्या बाई आहेत. त्या काही मला खाणार नव्हत्या. मला त्यांच्या नजरेत एक ठरावीक बाई राहायचं होतं, जिच्या घरात सगळं जागच्या जागी आहे. त्या अंगणातल्या मोलकरणीनं त्या कोळ्याला काय केलं असतं? काहीच नाही. थंडी होती, शेकोटी होती, चार माणसं हात शेकत होती आणि त्याला त्यांच्यातला एक म्हणून बसायचं होतं. एवढंच. भित्रेपणा हा माझा नंबर चुकला होता. त्याला ऊब हवी होती.

"चल, डोळे दाखव," मी म्हणाले आणि उठले. माझं दुकान अरुंद आहे, म्हणून माझ्याकडचा तक्ता उलट्या अक्षरांचा असतो. तो माणसाच्या पाठीमागं टांगायचा आणि समोरच्या आरशात तो सुलटा वाचायचा, म्हणजे अंतर दुप्पट होतं. मास्तरच्या आरशानं माझं काम सोपं केलं. तिच्या मागच्या खिळ्याला मी तक्ता लटकवला, तिच्या नाकावर फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण लावलं. आरशात तिचं लोखंडी डोळ्यांचं तोंड आणि त्यामागं माझं, बिनचष्म्याचं. काच घातली. "हे बरं की ते?" "ते." "आता हे की मघाचं?" "मघाचं. नाही, थांब. हे." किती वर्षं मी हा प्रश्न विचारते आहे, पण समोरचा सांगेल ते आपण खरं मानायचं आणि त्याच्यावर पुढची काच ठरवायची, या धंद्यात इतका विश्वास लागतो हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. अर्ध्यात मला राहवलं नाही. "ताई, मला माफ केलंस का?" आरशात तिनं मान जराही हलवली नाही, कारण तपासणीच्या वेळी हलवायची नसते हे तिला ठाऊक होतं. "वरची ओळ वाचू की खालची?" ती म्हणाली. "खालची." तिनं खालची वाचली. एक अक्षर सोडून सगळं बरोबर.

रविवारच्या वर्गाची यादी तीन महिने आधी पाळकीणबाई करतात, आणि त्या रविवारी यादीत कोळ्याचा धडा होता. हा योगायोग मला आवडला नाही. योगायोगात एक प्रकारचा आगाऊपणा असतो. शनिवारी मी धडा बदलायचा विचार केला. राजाची गोष्ट घ्यावी. पण ती आठवली आणि तीही माझ्यावर उलटली. राजानं परक्या माणसाची बायको घेतली, त्या माणसाला लढाईत मरायला पुढं पाठवलं, आणि मग एक म्हातारा त्याच्याकडं येऊन एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगतो, जी शेजारच्या श्रीमंतानं कापून खाल्ली. राजा त्या श्रीमंतावर भयंकर संतापतो. गोष्टीतल्या माणसावर संतापणं किती सोपं असतं. मी एकोणीस वर्षं दर रविवारी तेच करत आले होते, आणि त्याबद्दल लोक माझे आभार मानत होते. म्हटलं, नको. कोळीच घेऊ.

अकराच्या अकरा खुर्च्या भरल्या होत्या. पाळकीणबाई दुसऱ्या रांगेत होत्या. मी फळ्यावर डावीकडं 'कोळी' लिहिलं आणि उजवीकडं काही लिहिलं नाही. गोष्ट सांगितली, ताई सांगायची तशी, सरळ. अंगण, शेकोटी, मोलकरीण, तीन नकार, कोंबडा, रडणं. वर्गात एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. चाळीस वर्षं आरशात मागचं बघून बघून त्यांना सगळ्याच गोष्टींच्या मागचं बघायची सवय लागली आहे. त्यांनी हात वर केला. "बाई, एक शंका. बाकीचे शिष्य तर पळून गेले होते. गुरू आत. अंगणात सगळे परके, त्यांना याच्याशी काय देणंघेणं. मग ही गोष्ट बाहेर आली कशी? पाहिली कुणी?" ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या चौघांपैकी एकाच्या लिहिण्यात दुसराही एक शिष्य आत होता, हे मला माहीत होतं, एरवी मी तेच उत्तर देऊन पुढं गेले असते, आणि ते उत्तर चूक नव्हतं. पण मी खडू हातात धरून उभी राहिले आणि मला ते लख्ख दिसलं. "त्यानं स्वतः सांगितली असणार, काका," मी म्हणाले. "पुढं तो मोठा झाला. सगळी मंडळी त्याच्या शब्दावर चालायची. तो गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. त्यानं जाऊन सांगितलं असेल, तिकडं तुम्ही नव्हता, मी होतो, आणि मी असं म्हणालो. तीनदा. तीन हा आकडासुद्धा त्यालाच माहीत." मी फळ्यापासून पुढं आले. "आणि मरणातून उठल्यावर समुद्राकाठी गुरू त्याला परत भेटतो तेव्हा बघा. निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवलेत. जेवण झाल्यावर गुरू त्याला विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का, तेही तीनदा. पण माफ केलं असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. मी काल रात्री पुन्हा शोधलं. काम सांगितलंय. माझी मेंढरं चारायला ने." मग मी खडू ठेवला, हात पुसले, आणि म्हणाले, "मंगळवारी सकाळी माझ्या दुकानात माझी थोरली बहीण आली होती." आणि सगळं सांगितलं. एकुलती असल्याचं सांगत आले तेही. पाळकीणबाईंचं नाव घेतलं नाही, पण दुसऱ्या रांगेकडं बघायचं टाळलंही नाही. आवाज कापला नाही. वर्गासमोर उभं राहून बोलणं मला येतं, आणि जे येतं ते अशा वेळी वापरावं.

संपल्यावर खुर्च्या करकरल्या. मग काका म्हणाले, "चष्मा झाला का त्यांचा?" "उद्या देतेय." "बरं," ते म्हणाले, आणि आपली टोपी शोधू लागले. बाकीचे एकेक करून गेले. कुणी हात दाबला, कुणी दाबला नाही. एक बाई, जिनं मला दर सणाला स्वतः विणलेलं काहीतरी दिलं आहे, ती भिंतीच्या कडेनं निघून गेली. पाळकीणबाई न बोलता गेल्या. वर्ग त्यांच्या हातात असतो; कुणी शिकवायचं ते त्या ठरवतात. घरी जाताना मी मनाशी म्हटलं की गेला तर गेला. आणि मग लगेच, नाही, मला तो हवाय. आजवर मी त्या गोष्टी लोकांना घासून दिल्या. आत्ता कुठं मला त्या शिकवता येणार आहेत.

सोमवारी सकाळी आधी ताईचा चष्मा पोचवून आले. ती गिऱ्हाइकात होती, मास्तरनं घेतला. अकराच्या सुमाराला पाळकीणबाई आल्या. त्यांचा चष्मा तयार होता. मी तो त्यांना घातला, काड्या कानामागं वाकवून बसवल्या. त्यांनी खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाट्या वाचल्या, मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "हो." "मी काय केलं असतं तुमचं?" "काही नाही. मला तुमच्यापुढं बरं दिसायचं होतं." त्या खुर्चीत बसल्या. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "काल घरी जाऊन मी फार चिडले," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या टेबलावर म्हटलं, या बाईनं मला साक्षीदार केलं. दुपारभर चिडले. मग मला आठवलं की मी विचारलं होतं ओळखीच्या आहेत का, आणि तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. ओळखीच्या निघाल्या असत्या तर उठावं लागलं असतं ना. हात द्यावा लागला असता. त्यापेक्षा बिचाऱ्या म्हणणं सोपं पडलं." मी त्यांच्या चष्म्याची डबी पुसत राहिले. अशा वेळी माणसाला मध्येच तोडू नये, हे मी कालच शिकले होते. मग त्या म्हणाल्या, "वर्ग चालू ठेवा. एकदोघं नाही येणार. त्यांच्याशी मी बोलेन, किंवा नाही बोलणार. आणि दुकान थोडा वेळ बंद ठेवता येईल का? मला तुमच्या बहिणीकडं घेऊन चला."

आम्ही दोघी चालत गेलो. पाळकीणबाई नव्या चष्म्यामुळं पायऱ्यांवर जपून पाय टाकत होत्या, तेव्हा मी त्यांना हात दिला. मास्तरच्या दुकानात ताई पुढच्या टेबलापाशी वाकून एका विजारीला टीप घालत होती, तोंडात पाचसहा टाचण्या, नाकावर मी दिलेली काळी फ्रेम. "ही माझी थोरली बहीण," मी म्हणाले. "गणिताच्या बाई होत्या. मला या सगळ्या गोष्टी हिनंच शिकवल्या." मास्तरनं यंत्र थांबवलं. पाळकीणबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी खुर्चीत होते. मी उठायला हवं होतं." ताईच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळं तिला लगेच उत्तर देता येईना. तिनं त्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत टोचल्या, सगळ्या संपेपर्यंत. मग पाळकीणबाईंकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, अगदी सावकाश, ज्याला पुन्हा दिसायला लागलंय त्यानं बघावं तसं. "तुमचा कोट खांद्यात उतरतोय," ती म्हणाली. "कुणी शिवलाय हा? काढा. नाही, राहू द्या, अंगावरच बघते. हात जरा लांब करा." पाळकीणबाईंनी हात लांब केले. ताईनं मास्तरच्या गळ्यातला टेप ओढून घेतला, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणला, वाकून आकडा वाचला, आणि वळून न बघता टेबलावरचा खडू आणि कागदाचा कपटा माझ्याकडं सरकवला.

"खांदा साडेपंधरा," ती म्हणाली. "बारके, लिही."

मी लिहिलं.